अर्धी शिदोरी

पूर्वी वेत्रवतीच्या काठी उदुंबरा नावाच्या नगरीत अजितकेतू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तेथल्या एका अमात्यकुळात जन्मले आणि वयात आल्यावर त्याच राजाचे न्यायामात्य झाले. त्या जन्मी त्यांचे नाव श्रुतबंधू होते. लहानपणापासून त्यांना एक खोड होती. कोणी काही सांगितले की ते ‘बरे’ म्हणण्याआधी ‘का’ म्हणत. त्यांची आई कंटाळून म्हणे, हा मुलगा स्वर्गाच्या दारी गेला तरी आत पाऊल टाकण्याआधी उंबरा कोणत्या लाकडाचा ते विचारील. मोठेपणी ती खोड गेली नाही, फक्त तिच्या डोक्यावर अमात्यपदाचे पागोटे चढले.

उदुंबरेचा राजा न्यायी होता आणि नगरीला त्याचा अभिमान होता. खून करणाऱ्याला तेथे सुळी देत. त्याआधी चौकात एक विधी होई. वधिक एक तांबडे फडके अपराध्याच्या मानेभोवती घेऊन पहिली गाठ मारी. मग ज्याचे माणूस गेले त्याच्या घरच्याने पुढे यायचे, ते फडके अपराध्याच्या तोंडावर ओढायचे आणि शेवटची गाठ मारायची. ती गाठ बसली की डंका वाजे, गळ्यात तांबड्या कण्हेरीची माळ पडे आणि सगळा गाव त्याच्या मागून दक्षिण वेशीबाहेर जाई.

तोंड का बांधायचे हे सगळ्यांना ठाऊक होते. राजाच्या पणजोबांच्या काळी एका अपराध्याने सुळाखाली उभे राहून नगरीला शाप दिला आणि त्याच साली टोळधाड आली. तेव्हापासून मरायला निघालेल्याचे बोलणे ऐकायचे नाही असे ठरले. गाठ बसण्याआधी त्याच्या तोंडून काही निघालेच तर कानांवर पडू नये म्हणून जमलेले लोक दोन्ही कानांत बोटे घालून उभे राहत. ज्याच्या दोन्ही हातांत सामान असे तो ते पायांशी ठेवून बोटे घाली.

श्रुतबंधूंना या साऱ्याचे नवल वाटे. सुळाच्या दिवशी गाव वेशीबाहेर गेला की रिकाम्या घरांची कुलपे फुटत, आणि दुसऱ्या दिवशी त्या चोऱ्यांच्या फिर्यादी त्यांच्याकडेच येत. जरब बसवायला निघालेल्या गावाने चोरांना मोकळे रान द्यावे, याला काय म्हणावे ते त्यांना कळत नसे. त्याहून नवल त्या घरच्या माणसांचे वाटे. शेवटची गाठ मारून न्याय पदरात घेतलेली ती माणसे चार दिवसांनी पुन्हा त्यांच्या दाराशी येऊन बसत. काही हवे आहे का विचारले तर नाही म्हणत. काहीतरी विसरून राहिले आहे आणि काय ते आठवत नाही, अशा चेहऱ्याने बसून राहत आणि उठून जात.

त्या नगरीच्या उत्तर वेशीपाशी तिष्या नावाची एक विधवा लाह्या भाजून विकत असे. तिच्या लाह्या पांढऱ्याशुभ्र आणि जीभ तिखट. गिऱ्हाईक माप भरून लाह्या घेई आणि वर एक टोमणा फुकट नेई, आणि खरे तर पुष्कळ जण त्या टोमण्यासाठीच येत. तिला सोणक नावाचा एकच मुलगा होता. तो मिठाच्या गोण्या गाडीत घालून डोंगरापलीकडच्या बाजाराला जाई. बोलण्यात तो आईच्या वरताण होता.

शेवटच्या खेपेला निघताना तिष्येने लाह्या आणि गूळ फडक्यात बांधून दिला आणि म्हणाली, “वेळेवर खा. नाहीतर बैलांना चारून मोकळा होशील.”

“बैल तुझ्या लाह्या खात नाहीत,” सोणक म्हणाला. “त्यांना चव कळते.”

तो हसत गेला तो परत आला नाही. डोंगराच्या चढावर त्याच गावच्या कोरंड नावाच्या गाडीवानाने त्याच्या डोक्यात काठी घातली. मागून येणाऱ्या गाडीवानांना कोरंड प्रेताशेजारीच बसलेला सापडला. पळाला नव्हता, काही घेतलेही नव्हते. सभेत त्याला विचारले, “केलेस का?” तो म्हणाला, “हो.” उदुंबरेच्या सभेला यापुढे काही विचारायचे नसे. दंड ठरला.

विधीच्या आदल्या दिवशी दुपारी श्रुतबंधू तिष्येच्या भट्टीपाशी आले. ती तापलेल्या वाळूत धान्य टाकून हलवत होती. हात चालू होते, पण गिऱ्हाईक आले तरी ती वर पाहत नव्हती आणि टोमणा तर कोणालाच देत नव्हती.

“उद्या गाठ मारायची आहे, माय.”

“ठाऊक आहे.”

“मारल्यावर काय करशील?”

“काय करीन म्हणजे? घरी येईन.”

“आणि मग?”

तिष्येचा हात थांबला. “अमात्य, तुम्हांला घरी बोलायला कोणी नाही का?”

श्रुतबंधू खाली बसले. “एवढं एकच विचारतो आणि जातो. त्या माणसाकडून तुला काही हवं आहे का?”

“तो मेलेला हवा आहे,” ती म्हणाली. “त्यानं माझा जीव नेला, त्याचा जावा. आता लाह्या घ्यायच्या असतील तर घ्या, नाहीतर बाजूला बसा, गिऱ्हाइकाची वाट अडते.”

श्रुतबंधूंनी लाह्या घेतल्या आणि खात खात निघून गेले. पण त्यांचा प्रश्न तेथेच राहिला. नीट न चाळलेल्या लाह्यांतला वाळूचा खडा जसा दाताखाली येतो, तसा तो तिष्येला दिवसभर लागत राहिला.

दुसऱ्या दिवशी चौक माणसांनी भरला. राजा सज्जात बसला होता, शेजारी पुरोहित वेदगर्भ होता. वधिकाने पहिली गाठ मारली आणि तिष्येला पुढे बोलावले. चौकातल्या सगळ्यांनी कानांत बोटे घातली.

तिष्येने फडक्याची दोन्ही टोके हातांत घेतली. कोरंडचे तोंड तिच्यापासून वीतभर अंतरावर होते. ओठ फुटले होते, दाढी वाढली होती. ओढून बांधायचे एवढेच तिचे काम होते. पण ते तोंड पाहताना तिच्या मनात आले की सोणकाने जगात शेवटचे पाहिले ते हेच तोंड. आणि कालचा खडा पुन्हा दाताखाली आला. तिला काय हवे होते ते एकदम कळले. ती इतकी साधी गोष्ट होती की तिला स्वतःचीच लाज वाटली.

“त्यानं शिदोरी खाल्ली होती का रे?” तिने विचारले.

कोरंडने वर पाहिले. दंड ठरल्यापासून त्याला कोणी काही विचारले नव्हते.

“अर्धी,” तो म्हणाला. “अर्धी मला दिली.”

तिष्येच्या हातांतली टोके सुटली.

चौकातल्या लोकांना ओठ हललेले दिसले, ऐकू काही आले नाही. कानांतली बोटे काढावीत की ठेवावीत ते कोणाला कळेना, म्हणून सगळे एकमेकांकडे पाहत तसेच उभे राहिले. बोटे घातली नव्हती ती फक्त श्रुतबंधूंनी. ते उलट दोन पावले पुढे सरकले होते.

सज्जात राजा पुरोहिताकडे वळला. “काय म्हणाला तो?”

पुरोहिताने डाव्या कानातले बोट काढले. “काय म्हणालात, महाराज?”

“तो काय म्हणाला ते विचारतोय.”

“ते ऐकणं निषिद्ध आहे, महाराज. त्या बाईनं नियम मोडला. दुसऱ्या कोणाकडून गाठ मारून घ्यावी आणि डंका वाजवावा.”

श्रुतबंधू सज्जाखाली येऊन हात जोडून म्हणाले, “महाराज, शेवटची गाठ घरच्याखेरीज आजवर कोणी मारलेली नाही. तिला वेळ लागतो आहे. किती वेळ घ्यावा हे कोणी ठरवलेलं नाही. घेऊ द्या तिला.”

“आणि तोवर त्याचं तोंड उघडं राहील त्याचं काय?” पुरोहित म्हणाला. “शाप लागला तर?”

“तर ते फडकं माझ्या तोंडावर बांधा आणि त्याच्या जागी मला न्या.”

सज्जातले लोक दचकले. पण अमात्य हे जीवावर उदार होऊन बोलत होते असेही दिसले नाही. बाजारात आज काय भाव आहे असे विचारावे तशा स्वरात ते बोलले होते. राजाने कार्तिकातल्या कौमुदी उत्सवापर्यंत मुदत दिली आणि शेवटची गाठ उत्सवाआधी बसेल असा लोकांना शब्द दिला. त्याला दया आली होती असे कोणी म्हणू नये. खाली काय बोलणे झाले ते जाणून घेतल्याशिवाय त्याला चैन पडणार नव्हते.

कोरंडला वेशीजवळच्या दगडी खोलीत कोंडले. दारावर वधिकालाच बसवले. तिष्या ते तांबडे फडके घरी घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी भट्टी विझवून, फडके हातात घेऊन खोलीच्या जाळीपाशी आली. श्रुतबंधू बाजूला एका दगडावर बसले होते.

पहिल्या दिवशी तिने प्रश्न विचारले नाहीत, शिव्या दिल्या. उत्तर वेशीच्या लोकांनाही माहीत नसलेल्या शिव्या तिच्याकडे होत्या हे वधिकाला त्या दिवशी कळले. कोरंड मान खाली घालून ऐकत होता. घसा बसला तेव्हा ती घरी गेली.

मग रोज येऊ लागली. कुठे बसून खाल्ले? चिंचेखाली. पाणी होते का? होते, कोरंडच्या तुंबड्यातले प्याला. गूळ खाल्ला का? आधी गूळच खाल्ला. हे ऐकून तिने जाळीला हात टेकला, कारण सोणक तीन वर्षांचा असल्यापासून आधी गूळच खाई. आपण सांगितले नसताना हे या माणसाला ठाऊक आहे, याचा तिला राग आला आणि ते ऐकून बरेही वाटले. दोन्ही एकदम कसे होते हे तिला समजेना.

“का मारलंस?” तिने एके दिवशी विचारले.

“ठाऊक नाही, माय.”

“ठाऊक नाही म्हणायला तू वाटेवरचा धोंडा आहेस का? आठव. मी उद्या येते.”

दुसऱ्या दिवशीही त्याला सांगता आले नाही. तिने भट्टीवरच्या आळशी गड्याला झापावे तसे झापले आणि पुन्हा येते म्हणाली. शेवटी एका दुपारी तो बोलला.

“चढावर माझा बैल पडला, माय. जू मानेवर असतानाच मेला. वासरू होतं तेव्हापासून मी त्याला हातानं चारलेलं. सोणक मागून आला. थांबला. मला खाली बसवलं, अर्धी शिदोरी दिली. म्हणाला, तुझ्या गोण्या माझ्या गाडीत टाक. मी उठलो. तेव्हा तो हसून म्हणाला, गोण्या गाडीत टाक आणि तू जुवाला लाग. माझा डावा बैल आळशी आहे, त्याला तुझी सोबत होईल.” कोरंडने आपल्या हातांकडे पाहिले. “माझा बैल अजून गरम होता. हातात काठी होती. एकदाच मारली. तो पडला तेव्हा मला वाटलं, आता उठून पुढचं बोलेल.”

मग तिष्येच्या तोंडून एक आवाज निघाला. वधिकाला वाटले ती रडते आहे. पण ते हसू होते.

“डावा बैल आळशीच आहे,” ती म्हणाली. “घरीही हेच म्हणायचा.”

आणि मग ती रडली. सोणक गेल्यापासून लोकांनी तिचे खूप सांत्वन केले होते. तो किती गुणी होता हे ज्याने त्याने येऊन सांगितले होते. पण त्याच्या तोंडचे, तिने कधी न ऐकलेले एक अख्खे वाक्य तिला आज पहिल्यांदा कोणी आणून दिले होते. ते वाक्य ऐकून तिला आणखी एक गोष्ट कळली आणि ती तिला झेपेना. दुसऱ्याच्या दुखऱ्या जागी हसून बोट ठेवायचे, हे सोणक तिच्याच भट्टीपाशी शिकला होता.

“एवढ्यासाठी?” तिने डोळे पुसून विचारले.

“एवढ्यासाठी,” कोरंड म्हणाला.

तिने ते तांबडे फडके जाळीवर फेकले आणि निघून गेली. वधिकाला वाटले, आता ही येते ती गाठ मारायलाच. दुसऱ्या दिवशी ती आली, फडके उचलले, झटकले आणि विचारले, “चिंचेखाली बसलात तेव्हा आणखी काय काय बोलला?”

त्या दिवशी परतताना श्रुतबंधू तिच्यासोबत चालत आले. “माय, हवं ते मिळालं का?”

“नाही,” तिष्या म्हणाली. “पण काय हवंय ते कळायला लागलंय. तुम्ही मला भट्टीवर विचारलंत ना, तेव्हा तुमचा फार राग आला होता.”

“तो मला लाह्यांच्या मापावरून कळला,” श्रुतबंधू म्हणाले. “नेहमीपेक्षा कमी होत्या.”

तिष्या येण्याआधी श्रुतबंधू रोज वधिकाशेजारी बसत. एकदा तिष्या लवकर आली तेव्हा त्यांचे बोलणे चालू होते. वधिक हा मोठ्या अंगाचा, कमी बोलणारा माणूस होता. सुळाचे काम करून आला की काही दिवस तो घरात न जाता नदीकाठी झोपडीत राही, कारण त्या हातांनी मुलांना जेवू घालणे त्याला जमत नसे.

“तू इतक्या जणांच्या जवळ उभा राहिलास,” श्रुतबंधू त्याला विचारत होते. “तुला त्यांचं बोलणं कधी ऐकू आलं?”

“येतंच की,” वधिक म्हणाला. “कानांत बोटं घालायची मुभा तुम्हा लोकांना. माझे हात कामात असतात.”

श्रुतबंधू त्याच्याकडे पाहतच राहिले. “मग हे कधी सांगितलं का नाहीस?”

“कोणी विचारलं नाही.”

“आणि तो शाप देणारा, पहिला? तेव्हाचा वधिक तुमच्याच घरातला कोणी असेल.”

खोलीत कोरंड आणि बाहेर तिष्या, दोघेही कान देऊन ऐकत होती. वधिक म्हणाला, “माझा खापरपणजा होता. आमच्यात बाप मुलाला कामावर घालताना ते शब्द सांगतो. बाहेर बोलायचे नाहीत म्हणून बजावतो. तो शाप नव्हता, अमात्य. तो म्हणत होता, ‘मी नव्हतो, मी नव्हतो.’ चौकभर ऐकू गेलं. नंतर टोळ आले तेव्हा लोक म्हणाले, तो शाप होता. तसं म्हटलं की बरं पडलं.”

तिष्येच्या हातातले फडके तिला एकाएकी जड वाटू लागले. आजवर किती तोंडांवर ते ओढले गेले आणि त्यांतली किती तोंडे हेच सांगत होती, हे आता कोणाला विचारायचे?

कौमुदी उत्सवाच्या दिवशी सकाळी राजाने सभा भरवली. कोरंडला उभे केले, तिष्येला बोलावले. दारात गर्दी मावत नव्हती. लोकांनी कानांत बोटे घातली होती, पण सैल.

“मुदत संपली,” राजा म्हणाला. “गाठ मारणार की नाही?”

“महाराज,” पुरोहित वेदगर्भ मध्ये बोलला, “इतके दिवस वाट पाहिली हेच पुष्कळ झालं. जीवाला जीव हा धर्म आहे.”

तिष्या राजाकडे पाहून म्हणाली, “मी मापानं विकणारी बाई, महाराज. एक माप धान्य आणलं की ठरलेलं माप लाह्या परत देते. घेणं देणं मला कळतं. इथं माझं माप सांडलं. आणि तुम्ही म्हणता, दुसऱ्याचंही सांडतो, म्हणजे फिटलं. माझ्या पदरात काय आलं?”

पुरोहित म्हणाला, “तुझ्या पदरात नसेल, पण गावाला धाक बसतो. धाक नसेल तर उद्या प्रत्येक गाडीवान काठी उगारील.”

“मलाही तसंच वाटे,” श्रुतबंधू म्हणाले. “म्हणून मी कोरंडला विचारलं की काठी उगारताना तुला सूळ दिसला का. तो म्हणाला, मला मेलेला बैल दिसत होता. आणि ज्यांना सूळ रोज दिसतो ते चोर त्याच दिवशी आपली घरं फोडतात, हे सभेतल्या कितीतरी जणांनी सोसलेलं आहे.”

दोन तीन सभासदांनी माना खाली घातल्या.

“मग काय, खुन्याला मोकळं सोडायचं?” राजाने विचारले.

“नाही, महाराज. त्यानं माणूस मारलं आहे. त्याला कोंडावं, राबवावं, डोळ्यांआड होऊ देऊ नये. जी नगरी सूळ उभा करू शकते तिला एक दार बंद ठेवता येणार नाही का? पण बंद केलेलं दार चूक कळली तर उघडता येतं.”

“आमची चूक होत नाही,” पुरोहित म्हणाला.

श्रुतबंधूंनी वधिकाकडे पाहिले. तो पुढे आला आणि त्याने आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या सांभाळलेले दोन शब्द राजासमोर उच्चारले. ते ऐकायला आज सगळ्यांची बोटे बाहेर निघाली होती. राजाच्या पणजोबांच्या हातून झालेली ती गोष्ट होती, आणि राजाचा चेहरा पडला.

“त्याचं नाव काय होतं?” राजाने हळू विचारले.

“नाव आमच्याकडेही राहिलं नाही, महाराज. शब्द तेवढे राहिले.”

राजा तिष्येकडे वळून म्हणाला, “म्हणजे तू याला क्षमा केलीस?”

“नाही,” तिष्या म्हणाली.

“मग गाठ का मारत नाहीस?”

“मला अजून विचारायचं आहे. माझ्या पोराचं शेवटचं बोलणं, शेवटचं हसणं याच्यापाशी आहे. दुसऱ्या कोणापाशी नाही. हा गेला की सोणक पुन्हा एकदा मरतो, आणि या वेळी माझ्या हातानं.”

“अजून काय विचारायचं राहिलं आहे?”

“ते विचारीपर्यंत कसं कळणार, महाराज?”

सभेत कोणीतरी हसू दाबले. राजाच्याही ओठांवर काही आले, पण तो लगेच गंभीर झाला. “तुझं म्हणणं मला कळतं. पण शेवटची गाठ उत्सवाआधी बसेल असा शब्द मी लोकांना दिला आहे. तो मला मोडता येत नाही.”

श्रुतबंधू तिष्येकडे पाहू लागले. पुढे काय होणार हे त्यांनाही ठाऊक नव्हते, आणि ज्याला ते ठाऊक नसते त्याने मध्ये बोलू नये एवढे त्यांना कळत होते.

तिष्या खाली बसली. तिने तांबडे फडके जमिनीवर पसरले. कनवटीची पुरचुंडी सोडून लाह्या त्यावर ओतल्या, गुळाचा खडा ठेवला. मग थोडा विचार करून हाताने लाह्यांचे दोन भाग केले आणि एक भाग पुन्हा पुरचुंडीत भरला. उरलेल्यांवर फडक्याची टोके आणली आणि घट्ट गाठ मारली. उठून ती शिदोरी तिने कोरंडच्या हातांत ठेवली.

“ही शेवटची गाठ. मारली,” ती म्हणाली. “अर्धीच आहे. तो जेवढी खाऊन गेला तेवढीच. आणि फडकं उद्या परत दे, मला लागेल.”

ती सांडू नये म्हणून वधिकाने कोरंडच्या हातांखाली आपला हात लावला.

राजाने त्या गाठीकडे पाहिले, मग पुरोहिताकडे, मग लोकांकडे. “शेवटची गाठ घरच्या माणसानं, त्याच फडक्याला मारली आहे,” तो म्हणाला. “माझा शब्द पुरा झाला. डंका वाजवू नका.”

त्या दिवसापासून उदुंबरेत कोणाचे तोंड बांधले गेले नाही आणि दक्षिण वेशीबाहेरचा सूळ पुढे एका गोठ्याचा खांब झाला. गुन्हे वाढतात का, हे पुरोहित डोळ्यांत तेल घालून पाहत होता. ते वाढले नाहीत, आणि अगदी नाहीसेही झाले नाहीत. टोळधाड पुढे एका वर्षी आली. तेव्हा लोकांनी कोणाला दोष देत न बसता धान्य झाकले. ज्या चढावर बैल पडला होता तो चढ कोरंडने राजाच्या पहाऱ्यात, कुदळीने, म्हातारा होईपर्यंत खोदून गाड्यांना सोपा केला. तिष्या त्याला भेटायला जात राहिली. तिने त्याला क्षमा केली का, असे कोणी विचारले तर म्हणे, “ते माझं मला बघू दे. लाह्या किती देऊ?”

शास्त्यांनी ही कथा जेतवनात भिक्षू अनुगताला सांगितली. त्या सकाळी भिक्षेला जाताना अनुगताने एका अपराध्याला वधस्थानी नेताना पाहिले होते, आणि विहारात परत आल्यावर तो सोबत्यांना म्हणाला होता, “बरे झाले. पृथ्वीचा भार तेवढा हलका झाला.”

कथा संपवून शास्ते म्हणाले, “भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे विहाराच्या दाराशी बसणारा हा वृद्ध उपासक नंदसार. तेव्हाचा वधिक म्हणजे आजाऱ्यांची सेवा करणारा भिक्षू शंखपाणी. तेव्हाची तिष्या म्हणजे भिक्षुणी उत्पला, जी अजूनही प्रश्न विचारल्याशिवाय धर्मोपदेश घेत नाही. अमात्य श्रुतबंधू मीच होतो.” मग ते म्हणाले, “आणि कोरंड, अनुगता, तू होतास.”

अनुगताने आपल्या हातांकडे पाहिले. मग त्याने विचारले, “भगवन्, ती शिदोरी मी खाल्ली का?”

“अर्धी खाल्लीस,” शास्ते म्हणाले. “अर्धी वधिकाला दिलीस.”

आणि त्यांनी सांगितले की शिक्षा देण्याआधी माणसाला विचारणे, आणि त्याचे उत्तर ऐकेपर्यंत त्याला जगू देणे, हीच त्या जन्मीची मैत्री पारमिता, म्हणजे मैत्रीची परिपूर्णता, होय.